लेटनचा टेलिफोन

पूर्व लंडनमधल्या लेटनच्या मैदानावर १६ जून १९३२ रोजी धावफलकावर ५५५ हा आकडा लागला आणि यॉर्कशरच्या हर्बर्ट सटक्लिफने लगेच आपली विकेट जवळजवळ स्वतःहून देऊन टाकली. विक्रम झाला होता. १८९८ मध्ये यॉर्कशरच्याच ब्राउन आणि टनिक्लिफ यांनी ५५४ धावांची सलामी दिली होती. ३१३ धावा करणारा सटक्लिफ आणि नाबाद २२४ धावांवर उभा असलेला पर्सी होम्स यांनी चौतीस वर्षांनी ती एका धावेने ओलांडली. डाव घोषित झाला आणि दोघे फलंदाज धावफलकाखाली छायाचित्रासाठी उभे राहिले. तेवढ्यात फलकावरचा शेवटचा आकडा बदलला. ५५५ चे ५५४ झाले! मैदानात एकच गोंधळ उडाला. बऱ्याच शोधाशोधीनंतर नोंदवायचा राहून गेलेला एक नो-बॉल सापडला आणि विक्रम पुन्हा जागेवर आला.

लंडनच्या सायंदैनिकांना अशी बातमी वर्षातून एकदाही मिळत नसे. तीन-तीन सायंदैनिके एकमेकांच्या उरावर बसलेली. ज्याचा मजकूर आधी छापखान्यात पोहोचेल, त्याचा अंक रेल्वे स्टेशनांवर आधी खपेल, असा सरळ हिशेब. ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चा क्रिकेट वार्ताहर अर्नेस्ट विल्यम स्वॉन्टन त्या दिवशी लेटनला हजर होता. वय पंचवीस. सामना त्याने पाहिला होता, गोंधळही टिपला होता. अडचण एकच होती, ती टेलिफोनची. मैदानावर फोनची सोय तुटपुंजी होती आणि प्रतिस्पर्धी वार्ताहरांनी तो आधी गाठला. स्वॉन्टनच्या हाती फोन येईपर्यंत वेळ निघून गेली होती.

पुढच्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियाला जाणार होता आणि स्वॉन्टनला त्या दौऱ्यावर पाठवायचे जवळपास ठरले होते. लेटनच्या प्रकारानंतर संपादकांचे मत फिरले. जो माणूस लंडनमधून वेळेवर बातमी देऊ शकत नाही, तो ऑस्ट्रेलियाहून काय देणार, असा विचार झाला आणि त्याच्याऐवजी ब्रूस हॅरिस यांना धाडण्यात आले. हॅरिस हे टेनिसचे वार्ताहर होते.

तो दौरा म्हणजे १९३२-३३ चा बॉडीलाइन दौरा.

पत्रकारितेच्या इतिहासात चुकलेल्या बातम्या असंख्य आहेत. पण या एका चुकलेल्या फोनकॉलभोवती क्रीडापत्रकारितेचे एक अख्खे वळण पाहता येते. तारेवरून वेळेत शब्द पोहोचवू न शकलेला हा तरुण सहा वर्षांनी सातासमुद्रापलीकडच्या मैदानावरून थेट इंग्लंडच्या घराघरांत बोलू लागला आणि त्यानंतर जवळपास चार दशके ‘दिवसभरात नेमके काय घडले’ हे त्याच्याच तोंडून ऐकायची त्या देशाला सवय लागली. वर्तमानपत्रातला स्तंभलेखक ध्वनिक्षेपकापुढे जातो तेव्हा लेखणीची कोणती शिस्त सोबत नेतो आणि आवाजाकडून काय शिकतो, हे समजून घ्यायला ई. डब्ल्यू. स्वॉन्टन यांच्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

स्वॉन्टन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९०७ चा, दक्षिण लंडनमधल्या फॉरेस्ट हिलचा. वडील शेअर दलाल आणि स्थानिक क्रिकेट क्लबचे खजिनदार. बाबागाडीत असताना आपण डब्ल्यू. जी. ग्रेस यांची फलंदाजी ‘पाहिली’, असे स्वॉन्टन पुढे मोठ्या अभिमानाने सांगत. शाळा संपली ती क्रॅनली इथे. विद्यापीठात ते गेले नाहीत. १९२४ मध्ये सतराव्या वर्षी एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत उमेदवारी सुरू केली आणि १९२७ मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये दाखल झाले. १९३० साली लॉर्ड्सवर डॉन ब्रॅडमनने २५४ धावांची खेळी केली, तेव्हा ते पत्रकार कक्षात होते.

सायंदैनिकाच्या वार्ताहराचे काम कसे चालायचे हे लक्षात घेतले पाहिजे, कारण या माणसाच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचे मूळ तिथे आहे. सकाळच्या दैनिकाचा वार्ताहर दिवसभर खेळ पाहतो आणि संध्याकाळी विचार करून एकसंध लेख लिहितो. सायंदैनिकवाल्याला ही चैन नाही. उपाहाराच्या आत एक तुकडा, मग दुसरा, चहापानाला तिसरा, असा मजकूर तोडून तोडून द्यायचा. तोही बहुतेक वेळा कागदावर पुरता उतरवायला सवड नसते. फोन उचलायचा, पलीकडे टंकलेखक बसलेला, आणि त्याला तोंडीच वाक्ये सांगत सुटायचे. वाक्य अर्ध्यात सोडता येत नाही, मागे जाऊन खोडता येत नाही. नाव नीट उच्चारायचे, आकडा चुकवायचा नाही, आणि कोण बाद झाला हे पहिल्या वाक्यात आले पाहिजे. म्हणजे हा लेखक लिहीत नव्हताच, तो बोलत होता. रेडिओने त्याला बोलायला शिकवले नाही. रेडिओ त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच तो बोलणारा लेखक झालेला होता.

ऑस्ट्रेलियाला गेलेल्या ब्रूस हॅरिस यांच्याकडे क्रिकेटची पारख बेताची होती. दौऱ्यात ते इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन याच्या जवळचे झाले आणि त्यांचा मजकूर बराचसा जार्डिनच्या नजरेतून लिहिला गेला. दौऱ्यानंतर आलेल्या त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘जार्डिन जस्टिफाइड’ असे होते. इतर इंग्लिश दैनिकांचीही फार वेगळी गत नव्हती. खुद्द जॅक हॉब्ज एका वर्तमानपत्रासाठी लिहीत होते, पण आपल्याच जुन्या सहकाऱ्यांविरुद्ध तेव्हा ते बोलले नाहीत. बॉडीलाइन म्हणजे फलंदाजाच्या अंगावर रोखलेली गोलंदाजी. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज लारवुड याचे चेंडू ऑस्ट्रेलियन फलंदाजांच्या बरगड्यांवर आणि डोक्यावर येत होते. जानेवारी १९३३ मध्ये ॲडलेडला कर्णधार वुडफुलच्या छातीवर चेंडू बसला, ऑस्ट्रेलियन बोर्डाने लंडनला निषेधाची तार केली, आणि लॉर्ड्सवरच्या धुरीणांना यात एवढे बिघडले काय हे उमगेना. त्यांच्यापर्यंत खरे चित्र पोहोचलेच नव्हते. खेळ जाणणारे, स्वतंत्र मताचे लेखन तेव्हा लंडनला जात असते, तर प्रकरण इतके चिघळले नसते असे स्वॉन्टन यांना आयुष्यभर वाटत राहिले. त्यात थोडा स्वतःचा सल असेलही. पण मुद्दा खोटा नाही. मैदान डोळ्यांनी पाहू न शकणाऱ्या लाखो लोकांच्या वतीने जो पाहतो, त्याच्यावर किती जबाबदारी असते, हे न केलेल्या दौऱ्याने त्यांना शिकवले.

योगायोग असा की ज्या लेटनवर स्वॉन्टन यांचा फोन चुकला, त्याच लेटनवर पाच वर्षांपूर्वी क्रिकेट पहिल्यांदा बीबीसीच्या रेडिओवर बोलले होते. १४ मे १९२७ रोजी एसेक्स विरुद्ध न्यूझीलंडचा पाहुणा संघ हा सामना तिथे चालू होता. एसेक्सकडून पूर्वी खेळलेले धर्मोपदेशक फ्रँक गिलिंगहॅम यांनी त्याचे धावते वर्णन केले. त्याच वर्षीच्या जानेवारीत ट्विकनहॅमवर इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचे थेट वर्णन झाले होते आणि ते लोकांना आवडले होते. क्रिकेटबाबत मात्र बीबीसीला धीर होईना. इतका संथ खेळ रेडिओवर कोण ऐकणार, ही शंका बराच काळ टिकली.

दुसरी अडचण वर्तमानपत्रांचीच होती. रेडिओने निकाल आधी सांगितला तर संध्याकाळचा अंक कोण घेणार? या भीतीपोटी वर्तमानपत्रांच्या मालकांनी सुरुवातीच्या वर्षांत बीबीसीला संध्याकाळी सातच्या आत बातम्याच देऊ दिल्या नव्हत्या. त्यामुळे क्रीडावार्ताहर आणि रेडिओ हे जन्मापासूनचे प्रतिस्पर्धी. या दोन घरांमधली भिंत ओलांडणारी जी पहिली माणसे निघाली, त्यांत स्वॉन्टन होते.

बॉडीलाइनची मालिका सुरू होऊन जेमतेम पंधरवडा लोटला होता, तेव्हा १९ डिसेंबर १९३२ रोजी बीबीसीने आपली एम्पायर सर्व्हिस सुरू केली. लघुलहरींवरून साम्राज्यभर इंग्रजी आवाज पोहोचू लागला. १९३४ पासून स्वॉन्टन या सेवेसाठी क्रिकेटवर बोलू लागले. त्याच सुमारास हॉवर्ड मार्शल यांच्या भारदस्त, निवांत आवाजाने इंग्लंडमध्ये क्रिकेटच्या वर्णनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९३५ पासून बीबीसीच्या बाह्य प्रक्षेपण विभागाची सूत्रे सेमूर द लॉटबिनिएर यांच्याकडे आली. समालोचकाने आधी धावसंख्या सांगावी, मग दृश्य रंगवावे, आणि ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही हे क्षणभरही विसरू नये, अशी शिस्त त्यांनी घालून दिली. तिकडे ऑस्ट्रेलियात तर १९३४ च्या इंग्लंड दौऱ्याच्या वेळी नवलच घडत होते. इंग्लंडहून सांकेतिक तारा यायच्या आणि सिडनीच्या स्टुडिओत बसलेले समालोचक त्यांवरून जणू सामना डोळ्यांपुढे चालला आहे असे वर्णन करायचे. लाकडावर पेन्सिल आपटून चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज काढला जाई आणि टाळ्यांच्या तबकड्या वाजत. लोक रात्र रात्र जागून ते ऐकत.

आणि मुंबई? मुंबई या गोष्टीत मुळीच मागे नव्हती. १९३४ मध्येच एस्प्लनेड मैदानावर चौरंगी स्पर्धेतला पारशी विरुद्ध मुस्लिम हा सामना झाला आणि ए. एफ. एस. तल्यारखान, म्हणजे सगळ्यांचे ‘बॉबी’ तल्यारखान, यांनी त्याचे धावते वर्णन केले. भारतातल्या क्रिकेट समालोचनाची सुरुवात साधारण तिथून मानतात. तल्यारखानही मूळचे लेखणीचे. ते एकटे बोलत. सकाळी सुरुवात केली की जेवण आणि चहापान सोडले तर दिवस मावळेपर्यंत तोच आवाज. सोबतीला दुसरा समालोचक घ्यायला त्यांचा कायम नकार. त्या काळी मुंबईतल्या इराण्याच्या हॉटेलांत आणि रेडिओच्या दुकानांपुढे गर्दी करून उभे राहणाऱ्यांना सामन्याइतकाच तो भारदस्त आवाज हवा असे.

स्वॉन्टन यांचा खरा क्षण आला तो १९३८ च्या डिसेंबरात, दक्षिण आफ्रिकेत. वॉली हॅमंडच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा संघ तिथे गेला होता. बीबीसीने स्वॉन्टन यांच्याकडून मायदेशी थेट वर्णन ऐकवायचे ठरवले. परदेशातल्या कसोटीचे थेट वर्णन ब्रिटनमध्ये ऐकू येण्याची ती पहिली वेळ. आजच्यासारखे दिवसभराचे प्रक्षेपण नव्हे, लघुलहरीवर ठरवून दिलेला थोडा वेळ. त्या वेळात खेळात काही घडले तर नशीब, नाही तर दोन निर्धाव षटके आणि मैदानाची शोभा सांगून संपवायचे.

२६ डिसेंबरला जोहान्सबर्गच्या जुन्या वाँडरर्स मैदानावर नशिबाने लेटनची भरपाई केली. स्वॉन्टन बोलत असतानाच ग्लॉस्टरशरचा ऑफस्पिनर टॉम गोडार्ड याने लागोपाठच्या तीन चेंडूंवर नर्स, गॉर्डन आणि वेड यांना बाद केले. कसोटीतली हॅट्‌ट्रिक, आणि तीही नाताळच्या सुट्टीत शेकोटीपुढे बसलेल्या इंग्लंडच्या कानांत थेट! सहा वर्षांपूर्वी बातमी त्यांच्या हाती होती आणि तार नव्हती. आता तार जोडलेली होती आणि बातमी चालत आली. इतर वार्ताहर आपापल्या तारा लिहायला बसले, तोवर इंग्लंडला सगळे कळून चुकले होते.

समालोचक म्हणून नाव झाले ते या दौऱ्याने. पण ते रुजायच्या आत युद्ध आले.

बेडफर्डशर योमनरीत अधिकारी म्हणून रुजू झालेले स्वॉन्टन १९४२ च्या सुरुवातीला सिंगापूरला पोहोचले. तिथल्या लढाईत ते जखमी झाले आणि १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडल्यावर हजारो सैनिकांबरोबर जपान्यांच्या कैदेत गेले. साडेतीन वर्षांची ती कैद, त्यातला मोठा काळ सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या छावण्यांमध्ये. उपासमार, कॉलरा, मलेरिया, अतोनात कष्ट. सोबत्यांतले कितीतरी परतले नाहीत.

त्या छावण्यांत स्वॉन्टन यांच्याजवळ १९३९ सालचे ‘विस्डेन’ होते. क्रिकेटच्या धावफलकांनी भरलेले ते जाडजूड वार्षिक जपानी सेन्सॉरने तपासले आणि त्यात आक्षेपार्ह काही नाही असा शिक्का मारून परत दिले. पुढे ते पुस्तक छावण्या-छावण्यांतून फिरले. मागणी इतकी की कैद्यांना ते ठराविक तासांसाठीच वाचायला मिळे. हाताळून हाताळून पाने सुटली तेव्हा भाताच्या खळीने ती चिकटवून नवी बांधणी केली. रात्री स्वॉन्टन क्रिकेटवर बोलत आणि अंधारात बसलेली माणसे ऐकत. जुने सामने, गाजलेले डाव, कोण कसा खेळला, कसा बाद झाला. ना कागद, ना तार, ना ध्वनिक्षेपक. एक आवाज आणि त्याच्या आधाराने उद्याचा दिवस काढू पाहणारे श्रोते. समालोचनाचे याहून कठीण आणि याहून मोलाचे शिक्षण कुठल्याच आकाशवाणी केंद्रात मिळाले नसते. या अनुभवावर त्यांनी १९४६ च्या ‘विस्डेन’मध्ये लेख लिहिला.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. छावणीचे पहारे उठले. सुटका झालेले स्वॉन्टन एका थाई खेड्यात गेले तर तिथल्या रेडिओवर ओळखीचा सूर ऐकू आला. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांचा संघ यांच्यातला ‘व्हिक्टरी’ सामना चालला होता आणि रेक्स ऑल्स्टन त्याचे वर्णन करत होते. आपण ज्या आवाजाच्या दुनियेतून आलो तीच आपल्याला परत न्यायला आली आहे, असे वाटावे असा तो प्रसंग. आपला आवाज जिथे पोहोचतो तिथे तो कुणाला काय देतो, हे श्रोत्याच्या जागी बसून त्यांच्याइतके फार थोड्या समालोचकांनी अनुभवले असेल.

१९४६ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने त्यांना क्रिकेट वार्ताहर नेमले. ते पद त्यांनी १९७५ पर्यंत सांभाळले. त्याच उन्हाळ्यात थोरल्या पतौडींच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला आला. मुंबईचे विजय मर्चंट यांनी त्या दौऱ्यात २,३८५ धावा काढल्या आणि सांगलीचे विजय हजारेही संघात होते. याच दौऱ्याचे वर्णन करता करता जॉन आर्लट हा नवा आवाज पुढे आला. आर्लट पूर्वी पोलीस खात्यात होते, कविता करत, आणि बीबीसीत साहित्यविषयक कार्यक्रम पाहत. त्यांच्या हॅम्पशरच्या ग्रामीण हेलाने आणि चित्रमय शब्दांनी लोक वेडे झाले. आर्लट आणि स्वॉन्टन हे दोन स्वभाव पुढची तीस वर्षे एकाच खोलीतून बोलत राहिले. एक चेंडूगणिक चित्र काढणारा, दुसरा दिवस संपल्यावर न्याय करणारा.

चेंडूमागून चेंडू वर्णन करणे स्वॉन्टन यांनाही येत होते आणि ते त्यांनी रेडिओवर व दूरचित्रवाणीवर पुष्कळ केले. पण त्यांची खरी देणगी म्हणजे दिवसअखेरचा आढावा. शेवटचा चेंडू पडला, खेळाडू तंबूत परतले, की काही मिनिटांत ते ध्वनिक्षेपकापुढे येत. आधी धावफलक सावकाश, एकेक नाव स्पष्ट उच्चारत. मग दिवसाचा कणा कुठे होता ते सांगायचे. सामना कोणत्या तासात फिरला, कोणत्या कर्णधाराने कुणाला उशिरा गोलंदाजी दिली, कोणता झेल महागात पडला. शेवटी उद्याचे चित्र आणि स्वतःचे मत, आडपडदा न ठेवता. हे सगळे बहुधा टिपणांवरून, लिहून न आणता, आणि घड्याळाचा काटा न चुकवता. ज्या माणसाने वर्षानुवर्षे फोनवर तोंडी वाक्ये रचली होती, त्याच्या वाक्याला पूर्णविराम कुठे येणार हे बोलायला लागण्याआधीच ठरलेले असे.

३० मे १९५७ रोजी एजबॅस्टनच्या कसोटीपासून बीबीसीने ‘टेस्ट मॅच स्पेशल’ सुरू केले आणि कसोटीचा प्रत्येक चेंडू रेडिओवर यायला लागला. त्या पहिल्याच सामन्यात वेस्ट इंडीजच्या सॉनी रामाधीनने एका डावात तब्बल ९८ षटके टाकली आणि पीटर मे व कॉलिन काउड्री यांनी ४११ धावांची भागी रचून हरलेला सामना वाचवला. सगळे ऐकायला मिळू लागल्यावर आढाव्याची गरज संपेल असे कुणालाही वाटले असते. झाले उलटेच. दिवसभर तुकड्या-तुकड्यांत ऐकलेल्या खेळाची सांगड घालणारा माणूस अधिकच हवासा झाला. नोकरीवरून घरी येणाऱ्याला पाच मिनिटांत दिवस हाती लागे. ज्याने अख्खा दिवस ऐकला, तो आपले मत त्यांच्या मताशी ताडून पाही. आणि दुसऱ्या सकाळी त्याच माणसाचा सविस्तर लेख ‘टेलिग्राफ’मध्ये असे. संध्याकाळचा आवाज आणि सकाळची लेखणी एकमेकींना जामीन राहत. रेडिओवर वाहवत जाऊन बोललेले सकाळी छापून निस्तरता येत नाही, याची जाणीव ठेवूनच ते बोलत.

दोष नव्हते असे नाही. स्वॉन्टन यांचा रुबाब मोठा होता, स्वभाव करारी, आणि जुन्या इंग्लंडच्या, हौशी खेळाडूंच्या, लॉर्ड्सच्या परंपरेवर त्यांची अढळ निष्ठा होती. त्यांचे लेखन काहींना वरून आल्यासारखे वाटे. पत्रकार कक्षात त्यांचा दरारा असे. पण हाताखाली शिकलेल्यांनी त्यांचे ऋण मान्य केले. पुढे ‘द टाइम्स’चे ख्यातनाम क्रिकेट वार्ताहर झालेले जॉन वुडकॉक त्यांच्याच मदतनिसाच्या भूमिकेतून घडले.

आणि परंपरेवर निष्ठा असणाऱ्या या माणसाने एका ठिकाणी ठाम रेषा ओढली. १९६४-६५ मध्ये इंग्लंडचा संघ दक्षिण आफ्रिकेला निघाला तेव्हा स्वॉन्टन यांनी वर्णद्वेषी राजवटीच्या त्या देशात जायला नकार दिला. ज्या देशाने त्यांना जोहान्सबर्गला समालोचक म्हणून नाव दिले होते, त्याच देशाचा हा दौरा होता. क्रिकेट वार्ताहराने कसोटी मालिकेकडे पाठ फिरवणे म्हणजे आपल्या पोटावर आणि प्रतिष्ठेवर पाणी सोडणे. चार वर्षांनी, १९६८ च्या ओव्हल कसोटीत केप टाउनमध्ये जन्मलेल्या मिश्रवर्णीय बॅसिल डॉलिव्हेराने १५८ धावा केल्या आणि तरीही दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या संघातून त्याला वगळले गेले. तेव्हा स्वॉन्टन यांनी निवड समितीवर सडकून टीका केली. लॉर्ड्सच्या दिवाणखान्यात ज्यांची ऊठबस होती, तेच लॉर्ड्सविरुद्ध बोलले म्हणून त्या टीकेला वजन आले. पुढे संघात निवडलेला टॉम कार्टराइट जखमी झाला, त्याच्या जागी डॉलिव्हेराची निवड झाली, दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांनी तो संघ नाकारला आणि सप्टेंबर १९६८ मध्ये दौरा रद्द झाला. बॉडीलाइनच्या वेळी खरे सांगणारा माणूस तिथे नव्हता, ही खंत ज्याने तीस-पस्तीस वर्षे बाळगली, त्याने आपली पाळी आल्यावर गप्प न राहणे हे त्याच्या व्रताशी सुसंगतच होते.

तल्यारखान यांची वाट याच काळात वेगळ्या दिशेने गेली. आकाशवाणीने तीन समालोचकांनी आळीपाळीने बोलायची पद्धत आणली, तेव्हा एकट्याने बोलायचा आग्रह धरणाऱ्या या पारशी गृहस्थांनी ध्वनिक्षेपक खाली ठेवला आणि ते पुन्हा स्तंभलेखनाकडे वळले. ‘टेक इट फ्रॉम मी’ आणि ‘डू यू गेट मी, स्टीव्ह?’ हे त्यांचे शब्द मुंबईच्या इंग्रजी वाचकांच्या तोंडी बसले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओवर ते परत आले, ते दिवसअखेरचा आढावा घेण्यासाठी. म्हणजे एक लंडनचा, एक मुंबईचा, दोघेही शेवटी एकाच जागी पोहोचले. वर्णन अनेकांना करता येते. दिवसाचा अर्थ लावायला मात्र दिवसभर पाहून रात्री लिहिण्याची सवय असलेला माणूस लागतो, हे दोघांच्याही कारकिर्दींतून दिसते.

मराठीत ही देवाणघेवाण आणखी एका कारणासाठी महत्त्वाची ठरली. इथे खेळाबरोबर भाषाही घडवायची होती. महाराष्ट्राकडून खेळलेले बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे वर्णन केले आणि लेखनही केले. षटक, यष्टिरक्षक, पायचीत, त्रिफळा, धावचीत हे शब्द छापील पानावर परके वाटले असते. कानांवर पडून पडून ते गल्लीतल्या पोरांच्या तोंडी गेले आणि मग आपलेच झाले. वि. वि. करमरकर यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला हक्काचे पान मिळवून दिले आणि क्रीडापत्रकारितेकडे मराठी वर्तमानपत्रांनी गांभीर्याने पाहावे अशी परिस्थिती निर्माण केली. वाचकाला लेखणीने तयार केले आणि श्रोत्याला आवाजाने. या दोन्ही कामांचा मराठी क्रिकेटरसिक ऋणी आहे.

आज समालोचन कक्षात बसणारे बहुतेक जण माजी खेळाडू असतात. त्यांनी स्वतः तो चेंडू खेळलेला असतो, ही त्यांची मोठी जमेची बाजू. पण त्यांच्यातल्या श्रेष्ठांच्या घडणीत लेखणी असतेच. रिची बेनॉ यांचे उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार होण्याआधी ते सिडनीच्या वर्तमानपत्रात गुन्हेवार्ता लिहीत होते आणि १९५६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर तिथेच थांबून त्यांनी बीबीसीचे दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घेतले. कमी शब्दांत नेमके सांगायची त्यांची हातोटी ही वार्ताहराची हातोटी होती. आपल्याकडच्या नव्या समालोचकांनी, विशेषतः मराठीत बोलणाऱ्यांनी, रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या खेळावर दोन पाने लिहायची सवय लावून घ्यावी. बोलण्याला बूड येते ते तिथून.

‘टेलिग्राफ’मधून निवृत्त झाल्यावरही स्वॉन्टन लिहीत राहिले. १९९४ मध्ये त्यांना सीबीई किताब मिळाला. २२ जानेवारी २००० रोजी कँटरबरी इथे, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. छावण्या-छावण्यांतून फिरलेली, भाताच्या खळीने चिकटवलेली आणि जपानी शिक्का असलेली १९३९ ची ‘विस्डेन’ची ती प्रत आता लॉर्ड्सच्या एमसीसी संग्रहालयात जतन केलेली आहे.